विलासचा उजवा हात

मला गियरची मोटरसायकल चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर कोणीतरी सांगतंच. आजही पंचवटीच्या बाजारात एखादा जुना रेसर भेटला की बरोबरच्या माणसाला अभिमानाने सांगतो, "हे आमचे कोच." मग मी सायकलचं कुलूप काढून, भाजीची पिशवी हँडलला अडकवून निघतो, आणि त्या बरोबरच्या माणसाला नक्की काय वाटलं ते बघायला मागे वळत नाही.

तरी दहा-बारा वर्षं मी नाशिकच्या हौशी मोटोक्रॉसवाल्यांना तयार करायचं काम केलं. त्यांना गाडीवर बसवायला इतर लोक होते. मी त्यांना गाडीवरून उतरवायचो आणि घाम काढायचो.

मोटोक्रॉस म्हणजे मातीतली शर्यत. खड्डे, उंचवटे, चिखल, मध्येच घराएवढा ढिगारा, त्यावरून गाडी हवेत जाते आणि पलीकडे आपटते. बघणाऱ्याला वाटतं, इंजिन पळतंय, माणूस नुसता वर बसलाय. प्रत्यक्षात तो बसलेला नसतोच. पंधरा-वीस मिनिटं तो गुडघे वाकवून पायांवर उभा असतो आणि एक क्विंटलभर वजनाचं जनावर खालून त्याला सारखं फेकून द्यायला बघत असतं. त्यामुळे पाय, कंबर, मान आणि दम हे चारही लागतात. गाडीला पेट्रोल घातलं की झालं, असं मानणारे तिसऱ्या फेरीला कडेला उभे राहून ओकताना मी पाहिलेत. त्यांतले निम्मे नंतर कार्ब्युरेटरला दोष द्यायचे.

मी या धंद्यात आलो तो एका खोट्या वाक्यामुळे.

माझं गाव भंडाऱ्याकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. आठवीत दोनदा बसलो, दोन्ही वेळा आडवा झालो. मामा नाशिकला एका कारखान्यात वॉचमन होता, त्याच्याकडे आलो. वर्षभरात कारखान्याला टाळं लागलं, मामा गावी परतला, मी मागे राहिलो. पंचवटीतल्या एका व्यायामशाळेच्या वस्तादांनी मला ठेवून घेतलं. झाडू मारायचा, आखाड्याची लाल माती खणायची, मल्लखांबाला एरंडेल लावायचं, आणि या बदल्यात वरच्या खोलीत झोपायचं. वस्तादांनी मला मल्लखांब शिकवला. त्यांचे उपकार मी कशानेही फेडू शकणार नाही. ते गेल्यावर खोली तशीच माझ्याकडे राहिली, पण माझ्या नावावर जगात काहीच नव्हतं. कोणी जरा मोठ्याने हाक मारली तरी वाटायचं, आता पिशवी भरायला सांगणार.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. द्वारका चौकाजवळ गॅरेज असलेले भिकाअण्णा एका सकाळी सहा-सात जणांना घेऊन आले. अण्णा रेसच्या गाड्या तयार करायचे. त्यांच्या गाड्या उत्तम चालायच्या, वरची माणसं मात्र मध्येच संपायची. अण्णांनी मला मल्लखांबावर उलटा लटकलेला पाहिलं आणि बरोबरच्यांना जाहीर केलं, "हे आपले सर. पंजाबात ट्रेनिंग घेऊन आलेत."

पंजाबशी माझा संबंध द्वारका चौकातून जाणाऱ्या ट्रकांपुरता होता. मी अण्णांना बाजूला घेतलं.

"अण्णा, काऊन बोलता असं?"

"गप रे. तुझं खरं सांगितलं तर कोण ऐकणार तुझं? इथे बाहेरच्या माणसालाच मान असतो."

"मी बाहेरचाच आहे न."

"भंडारा म्हणजे बाहेर नव्हे, राव. पंजाब म्हणजे बाहेर."

मी परत खांबाकडे गेलो, कोणाला काही खोडून सांगितलं नाही. दुसऱ्या आठवड्यात अण्णांनी माझ्यासाठी टी-शर्ट छापून आणला. पाठीवर इंग्रजीत 'फिटनेस कोच'. तो घातल्यावर खोली थोडी आपली वाटायला लागली, हेही खरंच.

पहिल्या दिवशी सगळे हेल्मेट, बूट, हातमोजे घालून आले. दंड काढायला हातमोजे. त्यांत पिंकूशेठ सर्वांत नटलेला. बापाचं प्लायवूडचं दुकान, आणि याच्याकडे मुंबईहून आणलेला पावडरीचा डबा. "सर, यात सत्तावीस गोष्टी आहेत," असं तो सांगायचा. तो डबा घेऊन तो बैठका मोजायला उभा राहायचा. काढायचा मात्र नाही. दहा मिनिटं व्यायाम आणि चाळीस मिनिटं सायलेन्सरवर चर्चा, असा त्यांचा तास चालायचा.

दम वाढवायला मी त्यांना एकदा वणीला, गडाच्या पायऱ्यांवर नेलं. खांद्यावर जुना टायर घेऊन चढायचं आणि उतरायचं. तिसऱ्या खेपेला नारळ-ओटी घेऊन निघालेल्या एका आजीबाईंनी पिंकूशेठला अडवलं.

"कसला नवस बोललास रे बाबा?"

"पहिला नंबर यायचा, आजी."

"पास होशील हो," म्हणत आजींनी टायरला हात लावून नमस्कार केला. पुढे आणखी दोघा-तिघांनी केला. चौथ्या खेपेला पिंकूशेठ टायर उचलायलाच तयार होईना. म्हणाला, पूजलेल्या वस्तूला घाम लागतो.

या सगळ्यांत एकच माणूस सांगेल ते निमूट करायचा. विलास. मखमलाबादकडे त्यांचा मळा, गुलाब आणि झेंडू. वडील नव्हते, आई आणि तो. पहाटे फुलं तोडून, बाजारात पोचवून मग तो सहाला माझ्याकडे यायचा. गाडी जुनी, अण्णांनी जोडजाड करून दिलेली. आईने त्याला एकच अट घातली होती: काहीही मोड, हात मोडू नकोस. फुलांची कात्री हाताने चालते, आणि त्यांचं घर कात्रीवर चालत होतं. हे त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

आता माझी चूक. मी आखाड्यात वाढलेला. आखाड्यात पकड म्हणजे सर्वस्व. प्रतिस्पर्ध्याचं मनगट एकदा धरलं की सुटता कामा नये. मी विचार केला, गाडी फेकून देते, तर गाडीला घट्ट धरायला हवं. म्हणून मी या लोकांच्या मुठींच्या मागे लागलो. ओलं गोणपाट पिळायचं. चिमटीत विटा धरून आखाड्याला फेऱ्या. दोराला नुसत्या हातांनी लटकायचं. विलास घरी जाऊनही गोणपाट पिळायचा. चार महिन्यांत त्याचे कोपराखालचे हात तुळईसारखे झाले. मी ते येईल त्याला दाखवायचो.

त्याबरोबर मी एक गोष्ट बरोबर शिकवली होती, ती म्हणजे पडणं. लाल मातीत कोलांट्या मारत, अंग चेंडूसारखं गोळा करून लोळत जायचं. आखाड्यात पडणं हीच पहिली इयत्ता. पिंकूशेठला कपड्यांमुळे ते आवडायचं नाही, विलास मात्र मांजरासारखा पडायला लागला.

पेठ रोडला खडीच्या खाणीजवळ मोकळ्या माळावर शर्यत होती. चौथ्या फेरीपर्यंत विलास दुसरा होता. अण्णा माझ्या पाठीवर थापा मारत होते. पाचव्या फेरीत तो आमच्या समोरून गेला तेव्हा मला त्याचे कोपर दिसले. ते अंगाला चिकटले होते. सहाव्या फेरीत वळणावर ब्रेक उशिरा लागला. मग पुढचा ढिगारा आला. गाडी वाकडी उडाली. विलासने मान आत घेतली, गुडघे पोटाशी घेतले, शिकवल्याप्रमाणे गोळा झाला. पण उजव्या हाताची मूठ उघडली नाही. गाडी एकीकडे गेली, तो दुसरीकडे गेला, आणि हात गाडीबरोबर गेला.

याला रेसवाले म्हणतात, हात लाकूड झाला. सतत घट्ट धरून ठेवलं की कोपराखाली रक्त भरतं, स्नायू आपल्याच वेष्टनात फुगतो आणि बोटं मालकाचं ऐकेनाशी होतात. ब्रेक दाबता येत नाही आणि हँडल सोडताही येत नाही. जितकी पकड जास्त, तितकं लवकर. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी पळत गेलो आणि त्याची बोटं एकेक करून हातमोज्यातून सोडवली. तेव्हाही ती वाकलेलीच होती.

कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती. ऑपरेशन झालं, आत स्टीलच्या पट्ट्या बसवल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात अण्णांनी निकाल दिला, "ॲक्सिलरेटरची केबल अडकली असणार. सरांनी तर पोराचा हात लोखंडाचा केला होता." पिंकूशेठ म्हणाला, त्याने वेळेवर पावडर घेतली असती तर हाड मोडलं नसतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. केबलचं नाव पुढे करून मी माझी खोली वाचवली, आणि रात्रभर त्या खोलीत मला झोप आली नाही.

महिन्याभराने मळ्यावर गेलो. विलास ओट्यावर बसला होता, हात गळ्यात, आणि प्लास्टरबाहेर आलेल्या बोटांनी तो रबरी चेंडू दाबत होता. कपाळावर घाम.

"काय करतोस?"

"पकड, सर. जायला नको. तुम्ही म्हणाला होता ना, एक दिवस सोडली की आठवडा मागे."

मी खरंच म्हणालो होतो. मला सांगायचं होतं, सोड तो चेंडू. मी म्हणालो, "जरा बेताने."

"बेताने कसं, सर? तुमच्या पंजाबात बेताने करतात का?"

त्याची आई, सखूमावशी, समोर झेंडूच्या माळा ओवत होत्या. मजूर लावून फुलं तोडून घेत होत्या आणि माळा स्वतः करत होत्या. मी चहा पिऊन सटकलो.

प्लास्टर निघाल्यावर हात सुजलेलाच. डॉक्टरांनी विचारलं, काही उद्योग केला का? विलासने अभिमानाने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "कोणी सांगितलं हे करायला?" "आमच्या सरांनी. पंजाबात शिकलेत." डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी पंजाबच्या सरांना घेऊन या."

डॉक्टरांनी बोलावल्याचा निरोप आला तेव्हा मी पिशवी भरली होती, हे लपवत नाही. दोन शर्ट, वस्तादांचा फोटो, एरंडेलाची बाटली. स्टँडपर्यंत गेलोही. नागपूरच्या गाडीला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे एकच येत होतं: हा माणूस अजून चेंडू दाबतोय. डॉक्टरांचं तो ऐकणार नाही, कारण डॉक्टर नाशिकचे होते. माझं ऐकेल, कारण मी पंजाबचा होतो. आणि पंजाबचा माणूस आता 'दाबू नकोस' म्हणाला, तर त्याला वाटेल की सर दयेने बोलताहेत. ते पंजाबच मोडलं पाहिजे. मी पिशवी घेऊन तसाच दवाखान्यात गेलो.

आत डॉक्टर, विलास आणि मावशी.

"कुठे शिकलात तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठवीपर्यंत."

"ते शाळेचं झालं. हे, व्यायामाचं?"

"तेही त्याच सुमारास. आठवी सुटली आणि मी व्यायामशाळेत झाडू मारायला लागलो."

"आणि पंजाब?"

"पंजाब मी पाहिलं नाही, साहेब. अण्णा बोलले आणि मी खोडलं नाही." मग विलासकडे बघून एका दमात बोलून टाकलं, "केबल अडकली नव्हती. तुझी मूठ मी अडकवली. मला त्यातलं काही माहीत नव्हतं, मी कुस्तीचं गाडीला लावलं. तो चेंडू फेकून दे, बाप्पा."

विलास माझ्याकडे बघतच राहिला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. बहुधा हसू लपवत होते, किंवा राग. मावशी मात्र शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे मास्तर, तुम्हाला कायच येत नाय?"

"मल्लखांब येतो."

"त्याला हात लागतात का?"

"हात कमीच, मावशी. खांब तेलकट असतो, हाताने धरून टिकत नाही. मांड्या आणि पोटऱ्यांनी मिठी मारायची. अढी म्हणतात तिला. हात नुसते..."

बोलता बोलता मी थांबलो. इतकी वर्षं रोज सकाळी त्या खांबाला तेल लावत होतो.

"मग ते शिकवायचं सोडून जे येत नाय ते कशाला शिकवत बसले?" मावशी म्हणाल्या. "आमच्याकडं नवी बाई फुलं तोडायला आली की कात्री अशी आवळून धरती. तासाभरात तिची बोटं गेलीच समजा. कात्री नुसती हातात असली पायजे. एवढं तर मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

मी 'धन्यवाद' म्हणालो. दवाखान्यात, शिव्या खाऊन, धन्यवाद. डॉक्टर म्हणाले, तीन महिने हाताला काही नाही, पायांना काय ते करा. मावशींनी माझ्या पिशवीकडे बघितलं. "आन हे गाठोडं कुठं चाललंय? पोराला अर्ध्यात सोडून जाता का आता?"

पिशवी मी परत वर नेली.

ही बातमी अण्णांना कळली तेव्हा ते खोटं बोलल्याबद्दल रागावले नाहीत, खरं बोलल्याबद्दल रागावले. "तुला कोणी विचारलं होतं का? माझ्या गॅरेजवर आता तोंड दाखवायची सोय राहिली नाही." तीन जणांनी येणं बंद केलं. पिंकूशेठ कॉलेज रोडच्या नव्या, आरशांच्या जिममध्ये गेला. जाताना म्हणाला, "सर, वाईट वाटून घेऊ नका, पण आठवी नापास माणसाकडून घाम काढून घ्यायला कसंतरीच वाटतं." त्याचा घाम मी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे मला फारसं वाईट वाटलं नाही.

उरलेल्यांना मी खांबावर चढवलं. दृश्य असं होतं की व्यायामशाळेतले म्हातारे खुर्च्या आणून बसायचे. मोटोक्रॉसचे वाघ, अर्ध्या चड्डीत, तेलकट खांबाला मांड्यांनी आवळून धरताहेत आणि हळूहळू, अत्यंत गंभीर चेहऱ्याने, खाली घसरताहेत. एक म्हातारा रोज विचारायचा, "यांची गाडी कुठंय?" विलास हात पाठीशी बांधून नुसत्या पायांनी सगळं करायचा. मग मी त्यांना खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून अर्ध्या बैठकीत उभं करायचो; हाताखाली झेंडूचं एकेक फूल. दहा मिनिटांनी फूल चुरगळलेलं निघालं की पुन्हा पहिल्यापासून. फुलं मावशी पाठवायच्या. बाजारात न खपलेली.

पुढच्या वर्षी त्याच माळावर विलास उतरला. मी आदल्या दिवसापासून उपाशी होतो, भीतीने. पहिल्या तीन फेऱ्या तो सातवा, आठवा. अण्णा आले होते, पण माझ्यापासून दहा हात लांब उभे. सहाव्या फेरीत पुढच्यांचे कोपर एकेक करून अंगाला चिकटायला लागले, आणि विलासचे कोपर मात्र पंखांसारखे बाहेर. गुडघ्यांनी टाकी आवळलेली. त्या ढिगाऱ्यावरून गाडी याही वेळी वाकडी उडाली. त्याने हँडल सोडलं. दोन्ही हातांनी, सरळ. गाडी एकीकडे गेली, तो दुसरीकडे, गोळा होऊन, मांजरासारखा. उठला, धूळ झटकली, पळत जाऊन गाडी उचलली आणि पुढे निघाला. नववा आला.

अण्णा तेव्हा जवळ सरकले. "नववा म्हणजे काही नंबर नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "सुटला ना रे पण हात."

पुढच्या हंगामात ते नवी पाच माणसं घेऊन आले. मी खांबाला तेल लावत होतो. अण्णा घसा साफ करून म्हणाले, "हे आपले सर. यांना ही विद्या तपोवनात एका साधूने दिली."

मी म्हणालो, "झाडू मारता मारता शिकलो. आठवी नापास आहे. गाडी येत नाही. ज्यांना चालेल त्यांनी बूट काढा."

दोघे गेले, तिघांनी बूट काढले. अण्णांनी कपाळावर हात मारला. त्या तिघांपासून पुढे बरीच वर्षं काम मिळत राहिलं, आणि मला ज्यांनी ज्यांनी ठेवून घेतलं त्या सर्वांचा मी ऋणी आहे. माझ्या हाताखालच्या माणसांनी मोठी बक्षिसं फारशी आणली नाहीत. पण हँडल सुटलं नाही म्हणून कोणाचं हाड मोडल्याचं त्यानंतर मला आठवत नाही.

विलासने पुढे तीन हंगाम केले, मग लग्न, मग पॉलीहाऊस. हात बरा झाला. कात्री चालते, ट्रॅक्टर चालतो. एवढंच की उजवा तळहात पूर्ण वर वळत नाही. अर्ध्यात अडतो. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला चेंडू दाबला नसता तर कदाचित वळला असता. 'कदाचित' हा त्यांचा शब्द. माझ्या मनात तो कधीच गळून गेलाय.

दसऱ्याला तो झेंडूची पाटी घेऊन व्यायामशाळेत येतो. पूजा झाल्यावर मी सगळ्यांना आपट्याची पानं देतो. तो डावा हात पुढे करतो. दर वर्षी कोणीतरी नवीन म्हातारा टोकतोच, "अरे, सोनं उजव्या हातात घ्यावं."

"उजवा सरांनी ठेवून घेतलाय, आजोबा," विलास म्हणतो. "आणि खरं सांगायचं तर सांभाळलाही नाही."

सगळे हसतात. मीही हसतो, आणि पानं त्याच्या डाव्या हातावर ठेवतो.